पोपटीतला ओवा आता कोंबडीच्या खाद्यात. पण त्यानं ब्रॉयलर खरंच निरोगी होते का?

थंडी पडली की अलिबाग, पेण, रोह्याकडच्या शेतांत पोपटीचे बेत सुरू होतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, आणि मधेमधे ओवा आणि खडं मीठ. मडकं उपडं घालायचं, भोवती जाळ करायचा आणि वास सुटेपर्यंत गप्पा मारायच्या. ओवा कशाला, असं विचारलं तर घरातलं जुनं माणूस सांगतं, वाल पोटाला जड असतात, ओव्यानं पचतात.

आता गंमत बघा. याच ओव्याला ज्याच्यामुळे वास येतो ते थायमॉल नावाचं द्रव्य आज ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यात मिसळलं जातं. म्हणजे मडक्यात जायच्या महिनाभर आधीच कोंबडीच्या पोटात ओवा गेलेला असू शकतो. सोबत लसूण, हळद, दालचिनी, लवंग, मिरची यांचे अर्कही. पोल्ट्रीच्या धंद्यात याला 'फायटोजेनिक' म्हणतात. दुकानातल्या पाटीवर याचंच 'हर्बल चिकन' होतं.

आणि इथून विषय व्हॉट्सॲपवर जातो. एका फॉरवर्डमध्ये ब्रॉयलर म्हणजे इंजेक्शन देऊन फुगवलेलं विष असतं. दुसऱ्यात 'आमचं चिकन आयुर्वेदिक खाद्यावर वाढलेलं, निर्धास्त खा' असं असतं. आमच्या घरच्या ग्रुपवर हे दोन्ही मेसेज एकाच काकांनी, एकाच आठवड्यात टाकलेत. दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत. खरं म्हणजे दोन्ही जसेच्या तसे खरे नाहीत.

आधी इंजेक्शनचं बघू, म्हणजे ते एकदाचं संपेल

जेमतेम ४० ग्रॅमचं पिल्लू चाळीसेक दिवसांत दोन किलोच्या वर जातं, हे पाहून कुणालाही शंका येणारच. पण हे वजन हार्मोनचं नाही, वाणाचं आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७ सालचा, १९७८ सालचा आणि २००५ सालचा, असे तीन काळांतले वाण एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवले. ५६ व्या दिवशी वजनं आली अनुक्रमे सुमारे ९०० ग्रॅम, १८०० ग्रॅम आणि ४२०० ग्रॅम. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. खाद्य तेच, दिवस तेवढेच, फक्त कोंबडीची पिढी वेगळी.

शिवाय साधा हिशोब करा. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेक पक्षी पकडून रोज इंजेक्शन कोण देणार? त्याची मजुरी कोण भरणार? वाढीचं हार्मोन प्रथिन असतं, ते खाद्यातून दिलं तर पोटातच पचून जातं. त्यामुळे हार्मोनचा विषय इथे सोडून देऊ. खरा प्रश्न अँटिबायोटिकचा आहे, आणि हर्बलची सगळी बाजारपेठ त्याच प्रश्नातून उभी राहिली आहे.

कोंबडीला अँटिबायोटिक द्यायचं सुचलं कुणाला?

१९४८ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या लेडर्ले या औषध कंपनीत ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक नुकतंच सापडलं होतं. त्या काळात तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोघे पिल्लांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन बनवताना उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना घालून पाहिला. पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. चोथ्यात राहिलेल्या थोड्याशा अँटिबायोटिकची ती करामत होती.

तिथून जगभर प्रथा पडली. आजार असो वा नसो, खाद्यात थोडं अँटिबायोटिक घालायचं. पक्षी कमी मरतात, तेवढ्याच खाद्यात जास्त वजन येतं. पण रोज थोडं थोडं औषध देणं म्हणजे जिवाणूंना सराव देणं. कमजोर जिवाणू मरतात, चिवट उरतात, आणि ते शेडच्या भिंतीआड थांबत नाहीत. विष्ठेतून, पाण्यातून, माणसांच्या हातांतून बाहेर पडतात. म्हणून स्वीडननं १९८६ मध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद केली आणि युरोपियन युनियननं १ जानेवारी २००६ पासून. अँटिबायोटिक गेलं, मग त्या जागी काय घालायचं, या प्रश्नाचं एक उत्तर म्हणून वनस्पतींचे अर्क पुढे आले.

आपल्याकडे २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं दिल्ली आणि परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले. ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश मिळाले. २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधाला दाद न देणारं जनुक प्राण्यांमधल्या आणि माणसांमधल्या जिवाणूंत सापडलंय. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारनं खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. त्याआधी ते आपल्याकडे पोल्ट्रीसाठी उघड विकलं जात होतं. आयसीयूत सगळी औषधं हरल्यावर डॉक्टर जे औषध काढतात, ते कोंबडीचं वजन वाढवायला वापरलं जात होतं, हे एकदा शांतपणे वाचा.

मग ओवा आणि लसूण करतात तरी काय?

ब्रॉयलरचं आरोग्य म्हणजे मुख्यतः तिच्या आतड्याचं आरोग्य. एवढ्या वेगानं वाढणारा पक्षी दिवसभर खातो. आतड्याचं अस्तर शाबूत असेल तर खाल्लेलं अंगाला लागतं. अस्तराला सूज आली किंवा तिथे वाईट जिवाणू वाढले, तर खाद्य नुसतं पुढे सरकतं, विष्ठा पातळ होते आणि खाली अंथरलेला तूस ओला होतो.

थायमॉल आणि त्याचा सख्खा भाऊ कार्व्हाक्रॉल हे दोन्ही जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतात. दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड आणि लवंगेतलं युजेनॉलही जिवाणूंना असाच त्रास देतात. मिरचीतला तिखटपणा पाचक रस सुटायला मदत करतो. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारसं शोषलं जात नाही, माणसांच्या औषधात ही त्याची मोठी अडचण आहे; पण कोंबडीच्या बाबतीत आपल्याला काम आतड्यातच करून हवंय, त्यामुळे ते तिथेच राहिलं तर उलट बरं.

थायमॉलची अडचण उलटी आहे. ते आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं आणि जिथे जिवाणूंची खरी गर्दी असते तिथे, म्हणजे खालच्या भागात, पोचतच नाही. म्हणून चांगल्या कंपन्या त्याचे बारीक कण चरबीच्या आवरणात गुंडाळतात. किराणा दुकानातला ओवा दळून खाद्यात टाकला आणि असं आवरण घातलेला अर्क टाकला, तर दोन्हींच्या पाटीवर 'ओवायुक्त' लिहिता येईल, पण काम सारखं होणार नाही.

फायदा किती? प्रयोगांचे निकाल एका रांगेत येत नाहीत. काहींत खाद्याची बचत आणि वजन काही टक्क्यांनी सुधारतं, काहींत काहीच फरक दिसत नाही. यातही एक मजेशीर गोष्ट आहे. स्वच्छ, आटोपशीर प्रयोगशाळेतल्या शेडपेक्षा जिथे आजाराचा ताण आहे तिथे फरक जास्त दिसतो. ज्याचं पोट बरं आहे त्याला ओव्यानं आणखी काय बरं वाटणार?

'काही टक्के' ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून आकडे मांडून बघू. समजा पाच हजार पक्ष्यांची बॅच आहे आणि सरासरी वजन दोन किलो. म्हणजे दहा हजार किलो कोंबडी. एक किलो वजनासाठी १.६ किलो खाद्य लागलं (धंद्याच्या भाषेत एफसीआर १.६), तर एकूण १६ हजार किलो खाद्य. एफसीआर १.५५ वर आला, तर १५ हजार ५०० किलो. पाचशे किलो खाद्य वाचलं. खाद्याचा भाव किलोला ४० रुपये धरला तर एका बॅचमागे २० हजार रुपये. अर्काचं प्रमाण टनाला २०० ग्रॅम धरलं, तर सगळ्या बॅचला लागतो सव्वातीन किलो. पोल्ट्रीत एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो, त्यामुळे दशांश चिन्हानंतरच्या त्या आकड्यासाठी सगळे जीव टाकतात.

रायगडच्या शेडमध्ये हा विषय वेगळा का आहे?

कारण हवा. घाटावरच्या शेडमध्ये उन्हाळ्यात कोरडी हवा असते, फॉगरनं पाण्याचा फवारा मारला की गारवा येतो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा घाटावरच्या मानानं कमी असतो, पण हवेत इतका ओलावा असतो की फवारा मारून हवा थंड होण्याऐवजी आणखी दमट होते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासातून पाणी उडवून अंग थंड ठेवते. दमट हवेत तेच नीट होत नाही. त्यात शरीर रक्त कातडीकडे वळवतं, आतड्याचा पुरवठा घटतो आणि अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल पडतात. मग आतड्यातले जिवाणू आणि त्यांचं विष आत झिरपतं. उन्हाळ्यात पक्षी खात नाही आणि खाल्लेलं लागत नाही, त्यामागे हे कारण आहे. आवळा, हळद, तुळस असे अर्क उन्हाळ्यातल्या पाण्यातून आणि खाद्यातून देतात ते यासाठी. त्यांची मदत होते, पण छपरावर गवत टाकणं, पंखे वाढवणं, गर्दी कमी ठेवणं याला तो पर्याय होत नाही.

पावसाळा तर आणखी वेगळं प्रकरण. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा जिल्हा. भाताचा प्रदेश असल्यामुळे गिरणीतला तूस सहज मिळतो आणि शेडमध्ये गादी म्हणून तोच अंथरतात. जुलै महिन्यात वाऱ्यानं सपकारा आत आला, एखादा निपल गळला की तूस ओला होतो. ओल्या तुसात कॉक्सिडिया नावाच्या परजीवीच्या अंड्यांना हवं ते सगळं मिळतं. काही दिवसांत विष्ठेत रक्त दिसायला लागतं. त्याच तुसातून अमोनिया सुटतो, शेडमध्ये शिरलं की डोळे चुरचुरतात. आपले चुरचुरतात तर जमिनीपासून वीतभर उंचीवर नाक असलेल्या पक्ष्याचं काय होत असेल!

इथे वनस्पतींची यादी बदलते. युक्कासारख्या वनस्पतींमधले सॅपोनिन, म्हणजे आपल्या रिठ्याला फेस आणणारं द्रव्य, अमोनिया कमी करायला वापरतात. कॉक्सिडियासाठी दवण्याच्या कुळातल्या आर्टेमिसियावर काम झालं आहे. पण कॉक्सिडियाविरुद्ध आजही मुख्य भिस्त खाद्यात घालायच्या औषधांवर आणि काही ठिकाणी लशीवर आहे. आणि ज्या शेडमध्ये तूस रोज उकरला जातो, चुना मारला जातो, निपल वेळेवर बदलला जातो, तिथे या सगळ्याची गरजच कमी पडते.

तिसरी अडचण मक्याची. रायगडात मका फारसा पिकत नाही, तो घाटावरून येतो. दमट गोदामात पोती राहिली की त्यावर बुरशी धरते आणि अफलाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते थेट यकृतावर घाव घालतं. पोल्ट्रीच्या दुकानात 'लिव्हर टॉनिक' म्हणून ज्या बाटल्या दिसतात, त्यांच्यावर भुईआवळा, गुळवेल, शरपुंखा अशी नावं असतात. यकृताला आधार देण्यापुरतं त्यांचं स्थान आहे. पण बुरशी लागलेला मका तसाच घालत राहून वरून टॉनिक पाजणं हा वेडेपणा आहे. तपासायला हवा तो मका.

खाद्यात काय घालायचं हे ठरवतं कोण?

या सगळ्या चर्चेत एक समज गृहीत धरलेला असतो, की पोल्ट्रीवाला शेतकरी ठरवतो आपल्या कोंबडीला काय द्यायचं. रायगडात मोठ्या प्रमाणावर ब्रॉयलरचा धंदा करार पद्धतीनं चालतो. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते, तिचा सुपरवायझर येऊन बघून जातो. शेतकऱ्याची असते शेड, वीज, पाणी, तूस आणि घरच्यांची मेहनत. वजन भरलं की कंपनीची गाडी येते, पक्षी उचलते, आणि शेतकऱ्याला किलोमागे ठरलेले काही रुपये मिळतात. एफसीआर चांगला आला तर वर थोडं बक्षीस, मर जास्त झाली तर कपात.

म्हणजे खाद्याच्या पोत्यात ओवा आहे की अँटिबायोटिक, हा निर्णय पोतं शेडच्या दारात उतरण्याआधीच झालेला असतो. पोत्यावर प्रथिनं किती, स्निग्धांश किती, तंतू किती हे असतं. त्यापलीकडची माहिती शेतकऱ्यानं कंपनीवर विश्वास ठेवून गृहीत धरायची. आणि मघाशी आपण वाचवलेले ते २० हजार? खाद्य कंपनीचं, म्हणून बचतही आधी कंपनीची. शेतकऱ्याच्या हातात त्यातलं बक्षिसापुरतं पडतं.

एवढं करून जोखीम मात्र शेडमालकाच्या वाट्याला भरपूर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा उडालेले पत्रे शेतकऱ्याचे होते, कंपनीचे नव्हते. त्याच्या जेमतेम तीन महिने आधी, चिकननं कोरोना होतो या अफवेनं महाराष्ट्रात भाव असे कोसळले होते की काही ठिकाणी लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या, काहींनी पुरल्या. ती अफवाही मोबाइलवरूनच पसरली होती.

म्हणून 'शेतकरी कोंबड्यांना औषधं मारतात' असं लिहिताना जरा थांबायला हवं. आणि 'शेतकऱ्यांनी हर्बलकडे वळावं' हा सल्ला देतानाही. करारातल्या शेतकऱ्याला वळायला जागाच किती आहे? जे स्वतःची पिल्लं आणून स्वतः खाद्य विकत घेतात, त्यांना हा निर्णय घेता येतो. पण त्यांच्यापुढे बाजारात शेकडो बाटल्या आणि पुड्या असतात, आणि त्यांतली कोणती खरी हे ओळखायचं साधन नसतं.

हे 'खरी-खोटी'चं प्रकरण साधं नाही. वनस्पती म्हणजे गोळी नव्हे. हळद कुठली, कधी काढली, कशी वाळवली यावर तिच्यातलं कर्क्युमिन बदलतं. अर्क काढला की नुसती पूड दळली, यानंही बदलतं. पुडीवर 'हळद' लिहिलेलं असलं तरी आत काम करणारं द्रव्य किती टक्के, हे लिहिलेलं नसेल तर शेतकरी फक्त पिवळा रंग विकत घेतोय. अर्काचं प्रमाण निश्चित केलेलं उत्पादन महाग पडतं, आणि बाजारात शेजारीच स्वस्त पूड ठेवलेली असते. जास्त घातलं तर जास्त फायदा असंही नाही. कडुनिंबाचं प्रमाण वाढलं की पक्षी खाद्यच कमी खातो, वजन घटतं.

२८ दिवस आणि ४० दिवस

आता कायद्याकडे येऊ, कारण खरा पेच इथे आहे. २०१२ च्या जानेवारीत औषधांच्या नियमांत बदल झाला. जनावरांच्या औषधावर, ते दिल्यानंतर किती दिवस थांबून मग मांस, दूध किंवा अंडी विकायची, हे छापणं बंधनकारक झालं. ज्या औषधासाठी असा काळ शास्त्रीय तपासणीनं ठरलेला नाही, तिथे मांसासाठी किमान २८ दिवस थांबायचं.

ब्रॉयलरचं आयुष्यच साधारण चाळीस दिवसांचं. म्हणजे असं औषध पंधराव्या दिवशी दिलं तरी पक्षी ४३ व्या दिवसापर्यंत विकता येणार नाही. विसाव्या दिवशी दिलं तर ४८ व्या. त्या दरम्यान रोज खाद्य खाणार, वजन वाढण्याचा वेग मंदावणार, एफसीआर बिघडणार, आणि बाजारात दोन किलोच्या पक्ष्याला मागणी असताना हा तीन किलोचा होऊन बसणार. ज्या औषधांचा काळ ठरलेला आहे त्यांना कमी दिवस लागतात, पण घाई तीच. श्रावण लागायच्या आधी, गटारीच्या आठवड्यात भाव चढलेला असताना कोण थांबणार? शेड धरून ठेवायला कंपनी तयार नसते, आणि शेतकऱ्याला पुढची बॅच हवी असते.

माझ्या मते वनस्पतींच्या अर्कांची सगळ्यात मोठी किंमत इथे आहे. त्यांनी आजार बरा होतो म्हणून नाही. पहिल्या पंधरा दिवसांत पोट सांभाळलं गेलं तर विसाव्या दिवशी औषध द्यायची वेळ कमी वेळा येते, म्हणून. चमत्कार विकणाऱ्या जाहिरातींत ही गोष्ट सांगितली जात नाही, कारण 'वेळ कमी वेळा येते' हे पोस्टरवर चांगलं दिसत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून एफएसएसएआयचे सुधारित नियम लागू झाले. मांस, दूध, अंडी यांच्या उत्पादनात ज्यांना मनाई आहे अशा अँटिबायोटिक्सची यादी वाढली. कोलिस्टिन, क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान ही त्यातली ठळक नावं. सगळी अँटिबायोटिक्स सरसकट बंद झालेली नाहीत. आजारी पक्ष्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं उपचार देता येतात, आणि ते योग्यही आहे. आजारी पक्ष्याला औषध न देणं ही काही दया नव्हे.

जिथे ओवा-लसूण काहीच करू शकत नाहीत

जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये बर्ड फ्लू आढळला. हे तेच चिरनेर, १९३० च्या जंगल सत्याग्रहातलं. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे बाधित ठिकाणाच्या एक किलोमीटर परिसरातल्या कोंबड्या नष्ट करायच्या आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, अशी कारवाई अशा वेळी होते. ऐन पोपटीच्या हंगामात.

त्या दिवसांत 'कोंबड्यांना अमुक काढा पाजा, बर्ड फ्लू येणार नाही' अशा पोस्ट फिरतात. बर्ड फ्लूवर कुठलाही पाला चालत नाही. रानीखेत, म्हणजे गावाकडे जिला मानमोडी म्हणतात, तिच्यावरही नाही. तिथे पहिल्या आठवड्यातली लस हाच उपाय आहे. गम्बोरोचंही तसंच. शेडच्या दारात चुना, पाय बुडवायचं जंतुनाशक, बाहेरच्या माणसाला आणि कावळ्या-बगळ्यांना मज्जाव, मेलेले पक्षी उघड्यावर न टाकणं, ही कामं कंटाळवाणी आहेत आणि त्यांचे रील बनत नाहीत. पण विषाणू त्यांनीच अडतो. घराच्या परसात गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांनी तर हे जास्त लक्षात ठेवावं. मलूल कोंबडीला हळद-लसूण भरवायला हरकत नाही, पण लस टोचलेली असेल तरच त्या हळदीला काम करायला कोंबडी शिल्लक राहील.

त्याच सुमारास पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले आणि चिकन पुन्हा बातम्यांत आलं. काही रुग्णांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात राहतो आणि तिला फारसा त्रासही देत नाही. पुण्यात संशय मुख्यतः पाण्यावर होता. फायटोजेनिक खाद्यानं कोंबडीतला कॅम्पिलोबॅक्टर कमी करायचे प्रयत्न झालेत, पण त्यांत सातत्य दिसलेलं नाही. शिजवल्यावर मात्र तो नक्की मरतो.

मग दुकानात गेल्यावर काय विचारायचं?

'हर्बल आहे का?' हा प्रश्न बिनकामाचा आहे. उत्तर 'हो'च येणार. पाकिटावर 'अँटिबायोटिक रेसिड्यू फ्री' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ विक्रीच्या वेळी मांसात औषधाचे अंश मर्यादेत आहेत किंवा नाहीत, एवढाच. वाढवताना औषध दिलंच नाही, असा तो दावा नव्हे. 'अँटिबायोटिकशिवाय वाढवलेलं' हा वेगळा आणि मोठा दावा आहे, आणि तो करणाऱ्याला विचारा की तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत, किती बॅचमागे एकदा होते. एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांनुसार खाद्यपदार्थावर केलेल्या दाव्याला पुरावा असावा लागतो, त्यामुळे ब्रँडेड पाकिटवाल्याला हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याला विचारून उपयोग नाही, त्याच्यापर्यंत पिंजरा येतो तेव्हा कागद येत नाही.

घरी आणल्यावर नळाखाली धू धू धुवू नका. शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर, कोशिंबिरीच्या काकडीवर जातात. सुरी-पाट वेगळा ठेवा. आणि नीट शिजवा. हाडाजवळचं मांस गुलाबी राहता कामा नये. शिजवल्यानं जिवाणू मरतात, औषधाचे अंश मात्र सगळे जातात असं नाही, ते शेडमध्येच थांबवावे लागतात.

शेतकरी वाचत असतील त्यांच्यासाठी एवढंच. स्वतः खाद्य घेत असाल तर पुडीवर नुसती वनस्पतींची नावं आहेत की द्रव्याचं प्रमाण दिलंय ते बघा. अर्धी बॅच त्याच्यावर, अर्धी त्याच्याशिवाय काढून वजन, खाद्य आणि मर वहीत लिहा. दोन-तीन बॅचमध्ये तुमच्या शेडचं उत्तर तुम्हाला मिळेल, कंपनीच्या माहितीपत्रकातलं नव्हे. रोह्याजवळ किल्ल्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, मुंबईत १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. शंका घेऊन तिथे जाता येतं. आणि करारात असाल, तर पुढच्या वेळी करारावर सही करताना खाद्यात औषध काय आहे आणि शेवटचे किती दिवस बिनऔषधाचं पोतं येणार, हे लेखी मागा. द्यायला नकार आला, तर तेही एक उत्तरच झालं.